दोन दारांचा जिना

घर बांधायला निघालेली माणसं माझ्या टेबलासमोर बसली की बोटांवर खोल्या मोजतात. हॉल एवढा, स्वयंपाकघर तेवढं, दोन बेडरूम, पूर्वेला देवघर, पुढं गाडी लागली पाहिजे. सगळं सांगून होतं, चहा होतो, माणसं उठतात आणि दारातून मागं वळून कुणीतरी म्हणतं, "आणि जिना बसवा की कुठंतरी." पस्तीस वर्षं मी प्लॅन काढते आहे. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा जिना 'कुठंतरी'च बसवत होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी मूळची वडूजची. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. लग्न होऊन सांगलीला आले, एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात नोकरी धरली आणि साहेब थकल्यावर ते टेबल माझ्याकडेच आलं. सह्या करायला इंजिनिअर असतात, पण घर कागदावर उतरतं ते माझ्या हातून. आधी पेन्सिलीनं, आता कॉम्प्युटरवर. आसपासच्या गावांत मला 'प्लॅनच्या बाई' म्हणतात आणि हे नाव मला माझ्या नावापेक्षा जास्त आवडतं.

जिना आणि पॅसेज या दोन जागा लोकांना वाया गेलेल्या वाटतात. तिथं कुणी बसत नाही, झोपत नाही, पाहुण्याला दाखवावं असं काही नसतं. पण घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून वीस वेळा तिथूनच जातं. पॅसेज तीन फुटांचा ठेवला की लाकडी कपाट वळत नाही. साडेतीनचा ठेवला की पाण्याची कळशी घेतलेली बाई आणि समोरून पळत येणारं पोर एकमेकांना न धडकता जातात. पायरी सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद असली की म्हातारं माणूसही कठड्याला धरून वर जातं. आठ इंचांची केली की पन्नाशीतलंच माणूस वरची खोली सोडून देतं. हे सगळं मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. माझ्याच प्लॅनच्या घरांत जेवायला गेले तेव्हा कळत गेलं.

विट्याच्या एका गृहस्थांचं तिकडं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान होतं. त्यांनी मोबाइलवर एका गोल जिन्याचा फोटो आणला. तीस फुटांच्या प्लॉटवर तो जिना म्हणजे अर्धा हॉल गेला. मी एकदा सांगून बघितलं, दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला. घर झालं, जिना देखणा झाला, आणि पलंग, कपाट, फ्रीज सगळं दोर लावून बाल्कनीतून वर चढवावं लागलं. ते गृहस्थ वर्षातून पंधरा दिवस घरी असतात. बाकीचे दिवस त्या गोल पायऱ्यांवरून त्यांची आई एका हातानं भिंत चाचपत उतरते. मी त्या माणसाला अडवायला हवं होतं. ते घर दिसलं की मी अजून रिक्षातून दुसरीकडं बघते.

उलट म्हसवडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांनी बांधकामावर स्वतःची टेप आणली आणि सगळ्या पायऱ्या मोजल्या. शेवटची पायरी पाऊण इंचानं चढ निघाली. गवंडी म्हणाला, "एवढ्यानं काय हुतंय, साहेब." सुभेदारांनी त्याला डोळे मिटून वर जायला सांगितलं. गवंडी सरसर चढला आणि शेवटच्या पायरीला अडखळून गुडघ्यावर बसला. उठला, हातोडा घेतला आणि ती पायरी त्यानं स्वतःच फोडली. दोन पायऱ्या चढल्या की पाय पुढच्या सगळ्यांची उंची धरूनच चालतो, हे त्या दिवशी गवंड्याला आणि मलाही पक्कं समजलं.

पण मला सांगायचं आहे ते अण्णांच्या घराबद्दल.

सांगलीजवळच्या एका गावात अण्णांची हळदीची आणि उसाची शेती. जैन कुटुंब, गावात शब्दाला मान. अण्णा सत्तरीचे, त्यांच्या पत्नी आक्का, थोरला मुलगा आणि त्याची बायको-मुलं, धाकटा शीतल आणि त्याची बायको स्नेहल. (आमच्या भागात शीतल हे मुलग्याचं नाव असतं, बाहेरच्यांचा गोंधळ नको म्हणून सांगते.) जुनं घर अपुरं पडत होतं. गावाच्या कडेला नवा प्लॉट होता. खाली अण्णा-आक्का आणि थोरला, वर शीतल, असं ठरलं होतं.

अण्णा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी आधी जिन्याचंच काढलं. मला तर बरंच वाटलं.

"बाई, बाकीचं तुमी कसंबी काढा. जिना तेवढा हॉलमधनंच पायजे. घरात शिरलेलं माणूस माझ्यासमोरनं वर गेलं पायजे."

यामागं काय आहे ते मला माहीत होतं. आमच्याकडं दुमजली घराला बाहेरून जिना काढला की गाव समजून घेतं, भाऊ वेगळे होणार. आज वरचा बाहेरून चढतो, उद्या त्याची चूल वेगळी, परवा मीटर वेगळं. अण्णांच्या थोरल्या भावाच्या घरी असंच झालं होतं आणि ते बघायला गावाला वेळच वेळ होता.

चार दिवसांनी स्नेहल एकटीच ऑफिसात आली. मिरजेच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. रात्रपाळी संपवून सकाळी घरी जाताना वाकडी वाट करून आली होती. डोळे लाल, खांद्याला पिशवी, पायात पांढरे बूट.

"मॅडम, जिना बाहेरनं द्या," ती म्हणाली.

"अण्णांनी तर घरातून सांगितलाय."

"म्हणून तर आले. तुमी सांगितलंत तर ऐकतील."

मी तिला पाणी दिलं. मग ती हळूहळू बोलली. रात्रपाळी करून ती सकाळी घरी पोचते तेव्हा अण्णांकडं गावातली चार माणसं चहाला बसलेली असतात. कपड्यांना दवाखान्याचा वास, केस विसकटलेले, आणि तिला त्या माणसांच्या मधून मान खाली घालून न्हाणीपर्यंत जायचं असतं. ती आत शिरली की बोलणं थांबतं. कुणी काही म्हणत नाही. कुणी काही म्हणत नाही, हेच तिला लागत होतं.

"तीन वर्षं झाली, मॅडम. अण्णा माझ्याशी धड बोलत न्हाईत. नोकरी सोड असंबी म्हणत न्हाईत. नुसतं गप." ती पेल्याकडं बघत राहिली. "आमी सांगलीत एक फ्लॅट बघून ठेवलाय. ह्यांनी अजून घरात सांगितलं न्हाई. नव्या घरातबी हॉलमधनंच जायचं असंल, तर मी नव्या घरात येणार न्हाई."

ती गेल्यावर मी बराच वेळ कोऱ्या कागदाकडं बघत बसले. जिना आतून काढला तर सून जाणार आणि तिच्या मागोमाग मुलगा. बाहेरून काढला तर अण्णांच्या मनात घर त्याच दिवशी फुटणार. दोघांनाही घर फुटायची एकच भीती होती आणि दोघंही त्यावर उलटे उपाय सांगत होते.

कागद दाखवून हे सुटणार नव्हतं. कागदावरच्या रेघांत बहुतेकांना काही दिसत नाही, ते भिडेनं माना हलवतात. अशा वेळी मी एक करते. प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं सगळं घर खऱ्या मापात आखते आणि घरच्यांना त्यात चालायला लावते. भिंत म्हणजे एक रेघ, रेघेतली मोकळी जागा म्हणजे दार. लोक आधी हसतात. पाच मिनिटांत रेघेवरून पाय टाकायचं बंद करतात आणि दारातूनच ये-जा करायला लागतात.

रविवारी सकाळी मी अण्णांना म्हणाले, "तुमच्या रोजच्या माणसांना घेऊन या. चहाही आणा."

अण्णा आपले दोन सोबती घेऊन आले. मी तिघांच्या खुर्च्या फक्कीच्या हॉलमध्ये मांडल्या, अण्णांनी सांगितला होता तसाच जिना हॉलच्या कोपऱ्यात आखला होता. आक्का आणि थोरली सून फक्कीच्या स्वयंपाकघरात सतरंजीवर बसल्या. ऊस कसा पडलाय, पाणी कधी सुटणार, अशा गप्पा सुरू झाल्या. तेव्हा मी शीतलला खूण केली आणि त्यानं स्नेहलला फाटकातून आत पाठवलं. तिला मी एवढंच सांगितलं होतं, ड्यूटीवरून येतेस तशी ये.

ती आली. अण्णा बोलत होते ते मधेच थांबले. त्यांनी पाय आखडून घेतले. एका सोबत्यानं कपात बघितलं, दुसऱ्यानं लांब शेताकडं. ती खुर्च्यांच्या मधून, मान खाली घालून, जिन्यापर्यंत गेली.

"पिशवी खाली राहिली," मी म्हणाले. "घेऊन जा."

ती परत आली, परत गप्पा थांबल्या, परत पाय आखडले.

"आता न्हाऊन कपडे वाळत घालायला मागं जा."

तिसऱ्यांदा ती निघाली तेव्हा अण्णा उभे राहिले.

"थांबा, बाई."

ते सुनेकडं न बघता माझ्याशी बोलले, पण सांगत तिलाच होते. "व्हय. रोज असंच हुतंय. रातभर जागून आलेली पोर, तिला काय बोलायचं कळत न्हाई, म्हणून मी गप बसतो. आणि ही मान खाली घालून जाती. मला वाटायचं हिला आमी आवडत न्हाई."

स्नेहल मान वर करून म्हणाली, "मला वाटायचं तुमाला माझी नोकरी आवडत न्हाई."

"नोकरीचं काय? माझं बीपी तूच तपासतीस की."

सोबत्यांतला एक खाकरला. अण्णा खुर्चीत बसले आणि जड आवाजात म्हणाले, "काढा. पोर्चातनं जिना काढा."

मी फक्की हातात घेतली तोवर स्वयंपाकघरातून आक्का उठल्या. हयातभर नवऱ्यापुढं मोठ्यानं न बोललेली बाई, पदर खोचून रेघांमधून दारादारानं वळसा घालत आमच्यापर्यंत आली.

"पोर्चातनं काढा," त्या म्हणाल्या. "पण मग ही जेवायला कुठनं येणार?"

या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. स्नेहल दिवसपाळीला असली की ती येईपर्यंत भांडी घासून झालेली असतात. आक्का तिचं ताट झाकून ठेवतात आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसतात. हे मला त्या दिवशी कळलं.

"पावसाचं ताटासाठी भाईरनं फिरून यायची व्हय?" आक्कांनी जिन्याच्या मागं, स्वयंपाकघराच्या पॅसेजला लागून असलेल्या जागी पाय आपटला. फक्की उडाली. "हितं मला दार पायजे."

तिथल्या तिथं मला घर दिसलं. जिना हॉलमध्येही नाही आणि उघड्यावरही नाही. हॉलच्या शेजारी त्याला स्वतःची सात फूट रुंदीची खोली. तिला दोन दारं. पुढचं पोर्चात, मागचं स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये. स्नेहल पोर्चातून थेट वर जाईल, कुणाच्या समोरून नाही. आणि वरून खाली उतरलं की चार पावलांवर आक्का. मी तिथंच आखून दाखवलं. सगळे एकेकदा चालून आले. अण्णा दोनदा चालले.

त्या आनंदात मी घरी आले आणि एका बैठकीत प्लॅन पुरा केला. वरून बघितल्यावर घर कसं दिसतं तो नकाशा म्हणजे प्लॅन. घर उभं कापलं तर कसं दिसेल ते चित्र म्हणजे सेक्शन. जिन्याचा सेक्शन काढल्याशिवाय कागद साइटवर द्यायचा नाही, हा माझाच नियम. तो मी त्या वेळी पाळला नाही. इतकी वर्षं केलेलं काम, सेक्शन काय बघायचा, असं वाटलं.

कॉलम उभे राहिले, जिन्याचं काँक्रीट ओतायला सेंट्रिंगच्या फळ्या लागायला आल्या. आमचे मिस्त्री दस्तगीरभाई वीस वर्षं माझ्या घरांवर काम करत होते. त्यांचा फोन आला. "बाई, येऊन जावा जरा."

मी गेले. ते जिन्याच्या खोलीत मागच्या दाराच्या जागी उभे होते आणि डोक्यावर एक फळी आडवी धरली होती. खरं तर कपाळावर.

"ह्या दारातनं माणसं जायाची का कोंबड्या?"

घराची उंची साडेदहा फूट. सहा इंचांच्या एकवीस पायऱ्या, कारण पायऱ्या विषम हव्यात असा अण्णांचा आग्रह. दहा पायऱ्या चढायच्या, मधल्या चौथऱ्यावर वळायचं, उरलेल्या अकरा. हा चौथरा जमिनीपासून पाच फुटांवर येत होता आणि आक्कांचं दार बरोबर त्याच्या खाली होतं. प्लॅनमध्ये वरून बघताना दार छान दिसत होतं. त्यातून जाणाऱ्या माणसाचं डोकं दिसत नव्हतं.

मी तिथं वाळूच्या ढिगावर बसले. चूक मिस्त्रीची असती तर ओरडता आलं असतं. दस्तगीरभाई म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बोललो न्हाई अजून." हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण मी अण्णांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे.

दुरुस्ती एकच होती. पहिल्या टप्प्यात दहाऐवजी चौदा पायऱ्या चढायच्या, मग वळून सात. म्हणजे चौथरा सात फुटांवर जातो आणि खाली साडेसहा फुटांचं दार कसंबसं बसतं. पण पहिला टप्पा लांबतो. जिन्याची खोली मागं साडेतीन फूट वाढवावी लागते. मागं आक्कांची धान्याची कोठी होती, जिच्यासाठी त्यांनी पहिल्या दिवसापासून हट्ट धरला होता. कोठीची भिंत अजून उठली नव्हती, एवढंच आमचं नशीब.

अण्णांनी कोठीच्या जागेकडं बघितलं. मग म्हणाले, "मग ते मागचं दार नगो. एकच ऱ्हाऊ दे पोर्चातलं. कशाला खोळंबा."

एकच दार म्हणजे तोच बाहेरचा जिना, ज्याला ते सुरुवातीला घाबरत होते. आणि ते माझ्या चुकीमुळं होणार होतं.

"दार पायजे," स्नेहल म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. बाहेरचा जिना मागायला माझ्याकडं आलेली हीच मुलगी.

"अण्णा, मागचं दार नसंल तर मी वरच स्वयंपाक करायला लागीन. आज न्हाई, पण वर्षात करीन. कंटाळा येतो माणसाला. मला तसं नको हाय. आक्का माझं ताट झाकून ठेवत्यात. ते खायला मला आतनंच यायचंय."

आक्का त्या रिकाम्या कोठीच्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. पावलांनी जागा मोजली. साडेतीन फूट गेल्यावर कोठीचं कपाट होणार होतं, खोली राहणार नव्हती.

"वर्षाचं धान्य कोण भरतंय आता," त्या म्हणाल्या. "घ्या, बाई. लागंल तेवढं घ्या."

दस्तगीरभाईंनी दोरी सोडली आणि त्याच दुपारी नवी आखणी झाली. या खेपेला मी विटेवर बसून आधी सेक्शन काढला. तो कागद हातात घेऊन ते म्हणाले, "आता कसं, माणसं जात्यात."

सहा वर्षं झाली त्या घराला. सांगलीतला तो फ्लॅट दुसऱ्याच कुणीतरी घेतला. स्नेहल आता दवाखान्यात वॉर्डाची मुख्य सिस्टर आहे आणि रात्रपाळीहून आली की पोर्चातून वर जाते, न्हाते, झोपते. दुपारी मागच्या दारानं खाली येते, तेव्हा अण्णा बीपी तपासून घ्यायला बाही वर करून तयार असतात. त्यांची बोलणी आता थांबत नाहीत, उलट आक्का म्हणतात की दोघं मिळून फार बोलतात.

गावात आधी कुजबुज झाली, पोर्चातून जिना काढला म्हणून. मग लोक घर बघायला आले. एकेक जण मागच्या दारातून वाकून जायचा आणि वाकायची गरज नव्हती हे बघून सरळ व्हायचा. त्यानंतर त्या एकाच गावात मी असे सात जिने काढले. शेजारच्या गावांत नवी इंजिनिअर पोरं तसेच जिने मला न विचारताच काढतात. परवा एकानं कॉम्प्युटरवर रंगीत चित्र करून मलाच दाखवलं, "मॅडम, आमची नवी आयडिया." मी चित्र नीट बघितलं. त्यानं चौथरा सात फुटांवर घेतला होता. मी त्याला शाबासकी दिली आणि घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

मला मात्र जास्त आठवतो तो सुतारकामाचा शेवटचा दिवस. दारं बसली होती, पॉलिशचा वास होता, घरचे सगळे खिडक्या उघडून-लावून बघत होते. सुतार मागच्या दाराशी आला. त्याच्या हातात दोन कड्या होत्या.

"बाई, ह्या दाराला कडी कुठल्या बाजूला मारू? जिन्याच्या का घराच्या?"

त्या घरातला प्रत्येक इंच मी आखला होता, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घराच्या बाजूनं कडी म्हणजे खालचे लोक सुनेला बाहेर ठेवू शकणार. जिन्याच्या बाजूनं म्हणजे ती त्यांना. शीतल भावाकडं बघायला लागला, भाऊ जमिनीकडं. स्नेहलचा हात आक्कांच्या खांद्यावर होता तो तसाच राहिला.

अण्णा पुढं आले. सुताराच्या हातातल्या दोन्ही कड्या त्यांनी घेतल्या. जिन्याच्या खोलीतून चालत पोर्चाच्या दारापाशी गेले आणि आतल्या बाजूला, एक वर एक खाली, अशा धरून दाखवल्या.

"दोन्ही हितं मारा."

"आणि त्या दाराला?" सुतारानं विचारलं.

"त्या दाराला काय करायचीय? तिथनं आमीच जाणार."